पाव्हणे कुठले

अंबाडीच्या चार जुड्या. देठं कोवळी, मुळाला माती तशीच.

फाटकावर पाटी नाही. पाटी होती तिथं चार खिळे आहेत.

निलंगा-नांदेड एसटीच्या मागच्या सीटवर सहा वर्षांच्या पोरीला उलटी होते. आई ओंजळ पुढं करते.

गुरुवार, अकरा वाजता, कोर्ट नंबर तीन.

"भांड्यावरसुद्धा नाव घालतात, बाई!"

अर्धा किलो पेढे. पुड्याची दोरी कुणी सोडलीच नाही.

फोन : सदतीस मिनिटं.

*

घर नांदेडातलं, भाड्याचं, दुमजली. घरातून मार खाऊन, पोरं काखोटीला मारून निघालेल्या बाया इथं राहतात. कुणी महिना, कुणी सहा महिने. सोय लागली की जातात. नाही लागली तरी जावंच लागतं, कारण मागून दुसरी आलेली असते.

स्वयंपाक पंचफुलाबाईचा. अकरा वर्षांमागं तीही अशीच आली होती, कंधारकडून, पडलेला दात तोंडात धरून. तिची सोय लागली नाही. मग तिच्या हातात झारा आला, तो आलाच.

ओट्यावरच्या भिंतीला प्लॅस्टिकमधला कागद चिकटवलेला : *आडनाव विचारू नये. गाव विचारू नये.* अधीक्षक गीतांजली मॅडमनी टायपून आणलेला. पंचफुलाबाईला वाचता येत होतं. म्हणून तर राग होता.

"आडनाव न्हाई, गाव न्हाई. मंग माणूस कशावरून? भांड्यावरसुद्धा नाव घालतात, बाई! लग्नात हरवू नये म्हणून."

तिचे तीन प्रश्न ठरलेले. माहेर कुठलं? दिली कुणात? मामाचं गाव कोणतं? एवढ्यावरून ती कावळ्याचं नातं चिमणीशी काढून दाखवायची. आलेल्या बाया पहिल्या दिवशी रडायच्या, दुसऱ्या दिवशी जेवायच्या, तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी चुलत्याच्या मेहुण्यावरून पंचफुलाबाईच्या लांबच्या भाच्या निघायच्या. यात तिला काय मिळायचं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. अकरा वर्षांत त्या फाटकावर कितीतरी बायांसाठी माणसं येऊन बोंबलून गेली होती. तिच्यासाठी शिव्या द्यायलाही कुणी आलं नव्हतं.

*

शनिवारी आली ती नवी बाई मात्र दगड निघाली.

नाव शिवगंगा. उजव्या भुवईवर तेलानं भाजल्याचा चट्टा, गुळगुळीत. पोरगी भाग्या, सहा वर्षांची, आईच्या पदराला गोचिडासारखी. पोरीच्या गळ्यात लिंगाचा दोरा. म्हणजे आपल्यातलीच, हे पंचफुलाबाईनं दारातच टिपलं होतं.

"माहेर कुठलं गं?"

शिवगंगानं भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं.

"कागद मला नको दावू. मी कागदाच्या आधीची हाय इथली."

शिवगंगा ताट घेऊन उठली आणि जिन्यात जाऊन जेवली.

"पंचफुलाबाई, हरलात की!" अयोध्या म्हणाली. ही चार महिन्यांपासून राहत होती, आणि तिच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "या बाईनं तर तुम्हाला उंबऱ्यावरूनच वाटंला लावलं."

"गप गिळ. भाकर थंड होऊन राहिली."

पण लागलं. दोन दिवस लागून राहिलं. पंचफुलाबाई तिच्या ताटात भाजी वाढताना पळी आपटायची. भाग्याला दूध देताना "नाव-गाव नसलेल्यांनी साय मागू नये" असं म्हणायची, आणि साय घालायचीही. शिवगंगा ऐकून न ऐकल्यासारखी. तिनं एकदाच तोंड उघडलं, तेही मॅडमपाशी :

"गुरुवारपर्यंत कुणाला कळू देऊ नका. मी चारदा निघाले, चारदा नेली. मला धरत न्हाईत ते. पोरीला गाडीत बसवतात. पोरगी बसली की आई आपोआप बसती."

गुरुवारी कोर्टात तिचा अर्ज होता. आदेश झाला की नवऱ्याला आणि त्याच्या माणसांना तिच्या जवळ फिरकता येणार नव्हतं, पोरगी तिच्यापाशीच राहणार होती. म्हणूनच तिला लातूर जिल्ह्यातून उचलून इकडं, नांदेडला आणलं होतं. लांब, म्हणजे सापडणार नाही.

हे सगळं पंचफुलाबाईनं दाराआडून ऐकलं. तिला त्यातलं एवढंच कळलं की या बाईला नेण्यासाठी माणसं चारदा आली होती.

*

सोमवारी सकाळी अंबाडी आली.

पंचफुलाबाई परातीत पानं खुडत बसली होती. भाग्या धावत आली, एक पान उचललं, तोंडात घातलं, आंबटानं डोळे मिटले आणि ओरडली :

"अव्वा! पुंडी! पुंडी हाय!"

शिवगंगानं पोरीच्या पाठीत असा धपाटा घातला की पान तोंडातून बाहेर पडलं.

पंचफुलाबाईचे हात थांबले. अंबाडीला इकडं अंबाडीच म्हणतात. देगलूरकडं कुणी गोंगुरा म्हणेल. पुंडी म्हणतात ते निलंग्याच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेवर, जिथं आईला अव्वा म्हणतात. आणि निलंग्याच्या खाली पंचफुलाबाईची मावसबहीण कमलम्मा दिलेली होती.

"मारती कशाला लेकराला?" ती गोड आवाजात म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "पुंडीला पुंडीच म्हणणार की."

शिवगंगा पोरीला ओढत वर घेऊन गेली.

दुपारी पंचफुलाबाई मोबाइल घेऊन मोरीमागं जाऊन बसली.

*

— कमलम्मा, मी पंचफुला बोलते. नांदेडहून.

— अगं बया! तू हाईस व्हय अजून? कुणी म्हणलं मेली.

— मेली न्हाई. ऐक. तुमच्याकडची एक पोरगी हाय का, भुवईवर चट्टा? लेक सहा वर्षांची, भाग्या नावाची?

— थांब. थांब थांब. ती तर अण्णारावची सून! माझा चुलत दीर गं तो. सिद्धेश्वरची बायको. आठ दिस झाले पळून गेली, सगळं गाव विहिरी धुंडाळून राहिलंय. जित्ती हाय?

— जित्ती हाय. माझ्या हातचं खाऊन राहिली.

— मंग तू तिची मावससासू लागलीस की!

इथं पंचफुलाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "आनी आपली थोरली मावशी कशी हाय?" पुढची तीस मिनिटं थोरली मावशी, तिची सून, कुणाची जमीन विकली, कोण गेलं, कुणाला पोर झालं. अकरा वर्षांचं साचलेलं. शेवटी कमलम्मानं विचारलं, "राहतीस कुठं तू?" आणि तिनं सांगितलं. दवाखान्यापासून उजवीकडं, पाटी नसलेलं फाटक.

*

संध्याकाळी तिनं शिवगंगाच्या ताटात तुपाची धार धरली.

"घ्या, सूनबाई."

शिवगंगानं मान वर केली.

"पाहून काय राहिली? मावससासू लागते मी तुझी. कमलम्माची मावसबहीण. नातं निघालं गं!"

"कुणाला बोललात?"

"घरच्यालाच की. परक्याला थोडंच..."

"कुणाला बोललात?"

"कमलम्माला. अगं, गाव विहिरी धुंडाळून राहिलंय. जित्ती हाय एवढं तरी कळू दे माणसांना."

शिवगंगानं ताट उचललं आणि ओट्याखालच्या मोरीत पालथं केलं. तूप, भात, अंबाडी, सगळं. मग ती हळू, अगदी हळू आवाजात म्हणाली, "विहिरीत मी सापडावी म्हणून न्हाई धुंडाळत ते. पोरगी तेवढी वर काढावी म्हणून धुंडाळतात."

अयोध्या जागची उठली. "पंचफुलाबाई, जिभेवर निखारा ठेवावा तुमच्या." बाकीच्या बायांनीही ताटं खाली ठेवली. त्या रात्री कुणी जेवलं नाही, आणि भांडी घासायला कुणी आलं नाही.

गीतांजली मॅडमनी फोन केले, तीन जिल्ह्यांत. जागा मिळेल, पण उद्या दुपारनंतर, असं कळलं.

*

ते मंगळवारी सकाळी दहालाच आले.

पांढरी गाडी. अण्णाराव धोतरात, कपाळाला विभूती. सिद्धेश्वर इस्त्रीच्या शर्टात. मागच्या सीटवर दोन बाया. हातात साडीचा खोका आणि पेढ्यांचा पुडा. भांडायला आलेली माणसं पेढे आणत नाहीत. न्यायला आलेली आणतात, हे पंचफुलाबाईनं त्यावरूनच ओळखलं. मॅडम आत पोलिसांना फोन लावत होत्या. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, म्हणून फाटकावर तीच उभी राहिली.

"पंचफुलावैनी ना?" अण्णारावानं हात जोडले. "कमलम्मानं सांगितलं. आमच्या वैनीची बहीण म्हणजे आमालाबी वैनीच. लई उपकार झाले तुमचे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकावर कुणी तिचं नाव घेतलं होतं.

"दार उघडा, मावशी," सिद्धेश्वर म्हणाला. "घोटभर पाणी तरी पाजाल पाव्हण्याला?"

"पाव्हणे कुठले?" पंचफुलाबाई म्हणाली.

"आँ?"

"पाव्हणे कुठले, विचारून राहिले. मी कुण्या कमलम्माला वळखत न्हाई."

अण्णाराव हसला. "वैनी, चेष्टा पुरं. सूनबाईला हाक मारा. आमी काय खाऊन टाकतो का?"

"इथं कुणाची सूनबाई न्हाई. इथं आडनाव विचारत न्हाईत, गाव विचारत न्हाईत. आत कागद लावलाय. वाचता येतं का?"

"कमलम्मा खोटं बोलली म्हणता?"

"मला माणसंच न्हाईत. मला कोण बहीण असणार?"

हे वाक्य तिच्या तोंडातून गेलं, आणि गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. अण्णारावाचं हसू तसंच होतं, फक्त डोळे मागं गेले होते, व्हरांड्याकडं. तिथं भाग्या उभी होती. वडिलांचा आवाज ओळखून आली होती.

"अप्पा!"

शिवगंगा मागून आली, पोरीचं तोंड दाबलं, उचलली, आत गेली. पण झालं ते झालं.

मग पेढ्यांचा पुडा जमिनीवर आला आणि हात फाटकावर. सिद्धेश्वरनं कडी उपटायला घेतली. गाडीतल्या बाया उतरल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं सुरू झाल्या : धंद्याचं घर आहे, पोरी ठेवतात, म्हाताऱ्या दलाल बसवल्यात फाटकावर. "ए म्हातारे," सिद्धेश्वर दात चावून म्हणाला, "तुझ्या मावशीच्या घरचं पाणी तोडतो का न्हाई बघ. तू मेलीस तर माती द्यायला चार माणसं मिळणार न्हाईत तुला."

"आताबी न्हाईत," पंचफुलाबाई म्हणाली. तिनं किल्ली चोळीत घातली आणि फाटकाला पाठ लावून बसली. पत्र्यावर लाथा बसत होत्या, त्या तिच्या पाठीत उतरत होत्या.

पोलीस चाळीस मिनिटांनी आले. "घरगुती मामला दिसतो," एक जण म्हणाला. मॅडमनी कागद दाखवले, आवाज चढवला. अण्णाराव गाडी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत मागं गेला आणि तिथंच थांबला.

*

मागच्या भिंतीला शिडी लावली. पलीकडं शेजाऱ्यांचं अंगण, पलीकडच्या रस्त्यावर रिक्षा. भाग्याला अयोध्यानं उचलून पार केलं. शिवगंगा शिडीवर चढली तेव्हा पंचफुलाबाई डबा घेऊन आली. भाकरी, चटणी, पोरीसाठी गूळ.

"वाटंत खा. लेकरू उपाशी..."

शिवगंगानं वरून पाहिलं.

"मावससासू ना तुम्ही माझ्या? सासरच्या हातचं लई खाल्लं मी. हे बघा." तिनं भुवईवर बोट ठेवलं आणि भिंतीपलीकडं उतरली.

कुठं नेलं हे पंचफुलाबाईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही, पण तिला सांगायचं नाही असं वेगळं सांगितलं. गुरुवारी शिवगंगा कोर्टात पोचू शकली नाही. गाडी रोज गल्लीच्या तोंडाशी नाहीतर कोर्टाच्या दारात उभी असायची. पुढची तारीख एकवीस दिवसांनी पडली. तेवढे एकवीस दिवस तिला आणि पोरीला कुठल्या तरी खोलीत दार लावून काढायचे होते, आदेशाशिवाय.

घरातल्या बायांनी पंचफुलाबाईच्या हातचं खाणं सोडलं. आपापल्या तव्यावर करून खाऊ लागल्या. ओटा आळीपाळीनं. तिची पाळी शेवटची.

शुक्रवारी मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं आणि कोरा कागद पुढं सरकवला.

"खुलासा लिहा. वर पाठवायचाय."

तिनं लिहिलं. अक्षर मोठं, ओळी उतरत्या. *सोमवारी दुपारी मी फोन लावला. पत्ता मी सांगितला. चूक माझी हाय.*

मॅडमनी वाचलं. "कुणाच्या परवानगीनं लावला, ते राहिलं."

पंचफुलाबाईनं पेन पुन्हा उचललं. मॅडमच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं : *कुणाच्याच न्हाई.* खाली सही केली, सहीत आडनाव घातलं नाही.

त्या सोमवारी, मोरीमागं जाऊन बसायच्या आधी, ती या ऑफिसच्या दारात आली होती आणि तिनं विचारलं होतं, "मॅडम, नव्या बाईच्या गावाकडं एक फोन लावू का?" गीतांजली मॅडम कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होत्या. त्यांनी स्क्रीनवरची नजर न काढता मान डोलावली होती.