तोंडी मोजणी

"सतरा," मी म्हटलं, आणि पुढचा आकडा आलाच नाही.

आला नाही म्हणजे काय, आला. पण भलत्याच भाषेत. टेबलावर पेशंट उघड्या पोटाने झोपलेला, डॉक्टर दोन्ही हात छातीशी धरून उभे, आणि माझ्या चिमट्यात अठरावा मॉप लोंबत होता. मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायला आत घालतो ती जाड कापडाची घडी. जितके मॉप आत गेले तितके बाहेर आले, हे दोन सिस्टरनी मिळून मोठ्याने मोजल्याशिवाय पोट शिवायचं नाही, असा नियम.

"इथल्या भाषेत बोला, सिस्टर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या थिएटरच्या प्रमुख. माझ्याबरोबर मोजायचं आणि फळ्यावर आकडा मांडायचा हे काम त्यांचं. "मलाही कळायला हवं ना. पहिल्यापासून घ्या."

मी पहिल्यापासून घेतलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. भूल देणारे डॉक्टर मास्कच्या आत हसले; मास्क लावला तरी हसू डोळ्यांत दिसतंच. बावीस वर्षं थिएटरमध्ये काढलेली बाई मी, आणि बालवाडीतल्या पोरासारखी एकापासून उजळणी म्हणत होते.

ऑपरेशन संपल्यावर मोठ्या सिस्टरनी मला बेसिनपाशी गाठलं.

"या महिन्यातली ही सहावी वेळ," त्या म्हणाल्या. "मला काही हौस नाही हो बोलायची. पण वरून विचारतात. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर तुम्हाला खाली पाठवावं लागेल."

खाली म्हणजे तळघरात. तिथे अवजारं धुवायची, वाफेच्या यंत्रात घालायची, मॉपची पुडकी बांधायची. काम वाईट नाही, कुणीतरी करायलाच हवं. पण मी टेबलाशी उभी राहणारी नर्स आहे. डॉक्टरने हात पुढे करायच्या आधी त्याला काय हवंय ते मला कळतं. हे सोडून मला दुसरं काही येत नाही आणि करायचंही नाही.

लोकांना वाटतं, माझी घरची भाषा आड येते. ती बिचारी कुठेच येत नाही. ती स्वयंपाकघरात असते, नवऱ्याशी भांडताना असते, स्वप्नात असते. आड येते ती दुसरी. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला मी परक्या शहरात गेले तेव्हा ती मला एका अक्षरानेही येत नव्हती. तिथल्या मेट्रनबाईंनी ती माझ्यात घातली. बाई कडक. आम्हा मुलींना डोळे मिटून मॉप मोजायला लावायच्या. तोंडाने आकडा म्हणायचा, आणि दर पाचव्या मॉपला डाव्या हाताचा अंगठा एक पेर पुढे सरकवायचा. तोंड चुकलं तर अंगठा सांगेल, अंगठा चुकला तर तोंड. वर्षभरात ते इतकं अंगात मुरलं की पुढे त्या शहरात इतकी वर्षं नोकरी केली, एक मॉप इकडचा तिकडे झाला नाही. मग ह्यांना इकडे काम मिळालं आणि आम्ही तिघं या देशात आलो. येताना सगळं सामान मोजूनमापून आणलं, ही भाषा मात्र न विचारता बरोबर आली.

संध्याकाळच्या भाषावर्गाचे सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "तुम्हाला दोन भाषा येतात? मग तिसरी सोपी जाईल." सर माणूस भला, पण हे साफ खोटं निघालं. वर्गातला बेकरीवाला, ज्याला जन्मात एकच भाषा येत होती, तो चार महिन्यांत माझ्या पुढे गेला. मी बोलायला तोंड उघडलं की मधेच मेट्रनबाईंची भाषा घुसायची. शेवटी मी सरांना गाठून विचारलंच.

"असं होतं," ते म्हणाले. "डोकं घरची भाषा वेगळी ठेवतं. शिकलेल्या भाषा मात्र एकाच कप्प्यात कोंबतं. हात घातला की जी वर असेल ती हाताला लागते."

"मग वरची काढून टाकायची कशी?"

"ती काढता येत नाही. तिच्यावर नवी रचत जायची."

"किती दिवस?"

सरांनी खडू खाली ठेवला आणि वही तपासायला घेतली. एवढं कळायला मी दिवसभराच्या ड्यूटीनंतर दोन बसा बदलून येत होते.

घरी तर विचारूच नका. "तीन तिघाडा, काम बिघाडा," हे पेपरमागून म्हणायचे. हे वायरिंगचं काम करतात. तारांना भाषा लागत नाही. लेक सोळा वर्षांची. तिने इथली भाषा सहा महिन्यांत खिशात घातली होती. ती रोज रात्री जेवणानंतर बादलीत तीस हातरुमाल टाकायची आणि मी ते एकेक उचलून मोजायची.

"आई, थांब," ती एकदा म्हणाली. "तू अंगठा हलवतेस. अंगठा हलला की ती भाषा येते. बघ, दर वेळी."

"मग काय करू? कापून टाकू?"

"काहीतरी धरून ठेव ना त्या हातात. हलू देऊ नकोस."

मी डाव्या हाताने बादलीची कड घट्ट धरली. तीसपर्यंत गेले. न अडखळता, इथल्या भाषेत. लेकीने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी पेपर खाली केला. त्या आठवड्यात रोज तीस जमले, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग एक बाई ऑपरेशनला आली. चाळिशीची, पोटात गाठ. चार तास चाललं. मधे एक शीर फुटली आणि मॉपवर मॉप आत गेले. मी पाचपाचची सहा पुडकी फोडली, म्हणजे तीस. डॉक्टरांनी शेवटी कंबर सरळ केली आणि म्हणाले, "मोजा. बंद करतो."

मोठ्या सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. वापरलेले मॉप परातीत ओल्या ढिगाने पडले होते. मी डाव्या हाताने परातीची कड धरली, उजव्या हातातल्या चिमट्याने एकेक उचलून बादलीत टाकू लागले. सगळं लक्ष जिभेवर. अकरा, बारा, तेरा. मोठ्या सिस्टर माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या. अठरा सहज गेला. एकोणीस, वीस. जीभ जणू उतारावर लागली होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"तीस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि फळ्यावर खूण केली. मग मास्कच्या आतून, हळूच, "छान, सिस्टर. एकही चुकला नाही."

डॉक्टरांनी सुई मागितली.

मी खाली पाहिलं. परातीची कड कधी सुटली मला कळलं नव्हतं. डावा हात एप्रनवर होता आणि अंगठा पाचव्या पेरावर थांबला होता. तीस झाले असते तर तो सहाव्यावर असता.

एक क्षण मी गप्प राहिले, हे कबूल करते. फळ्यावर खूण झाली होती. पहिल्यांदाच कुणी छान म्हटलं होतं. सुई दिली असती तर महिनाअखेर टळली असती. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"थांबा," मी म्हणाले. ते अर्थातच मेट्रनबाईंच्या भाषेत आलं. कुणालाच कळलं नाही. मी सुई मागे घेतली, तेव्हा कळलं.

"आता काय?" डॉक्टर म्हणाले. "तीस मोजलेत ना?"

"मोजलेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मी स्वतः ऐकलंय."

मला सांगायचं होतं की आकडे मॉपच्या पुढे पळाले. मी शब्द मोजले, मॉप मोजले नाहीत. एवढं सांगायला इथल्या भाषेतला एकही शब्द हाताशी नव्हता. ज्या भाषेत ते धडधड येत होतं ती तिथे कुणाला कळत नव्हती. रडू येईल इतका राग आला. मी बादलीतले मॉप चादरीवर उपडे केले आणि पाचपाचच्या ओळी लावायला लागले, मोठ्याने मोजत, त्याच भाषेत, अंगठा उघड उघड पेरांवर सरकवत. पाच ओळी भरल्या. सहावीत चारच आले.

ते वाचायला भाषा लागत नव्हती. डॉक्टरांनी हात पुन्हा पोटात घातला. लिव्हरच्या मागून तिसावा मॉप बाहेर आला.

बाहेर आल्यावर मोठ्या सिस्टर स्टुलावर बसल्या.

"माझं लक्ष तुमच्या तोंडाकडे होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट बोलताय ना, एवढंच बघत होते मी."

रिपोर्ट त्यांनीच लिहिला, आणि खरा लिहिला. पहिली मोजणी चुकीची सांगितली. नंतर सिस्टरनी स्वतः चूक पकडली. फेरमोजणी इतरांना न कळणाऱ्या भाषेत झाली. वरच्यांनी पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य वाचलं. दोन्ही खरी होती, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. महिना संपायच्या आत मी तळघरात आले. ती बाई आठव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली, असं मला लिफ्टवाल्याने सांगितलं.

चार महिन्यांनी मोठ्या सिस्टर स्वतः पुडकी न्यायला खाली आल्या. एरवी त्या कुणालातरी पाठवतात.

"तुमच्या जागी नवीन मुलगी आलीय," त्या म्हणाल्या. "इथलीच आहे. आकडे कसे पाण्यासारखे म्हणते. पण मी आता तोंडाकडे बघतच नाही. हातांकडे बघते."

मला बरं वाटावं म्हणून त्या बोलत होत्या, हे मला कळत होतं. बरं वाटलं नाही.

"हात बघायचे होते," मी म्हणाले, "तर माझे बघायचे होते."

त्यांनी पुडक्यांच्या वहीत सही केली, ट्रे उचलला आणि त्या जिन्याने वर गेल्या. लिफ्टसाठी थांबल्या नाहीत.

ते वाक्य इथल्या भाषेत आलं होतं. सरळ, अख्खं, मधे दुसरा शब्द न घुसता. हे माझ्या लक्षात त्या गेल्यावर आलं. वाफेचं यंत्र शिट्टी देऊन थांबलं. मी झाकण उघडलं, गरम मॉप टेबलावर काढले आणि पाचपाचच्या ओळी लावायला घेतल्या.