ब्रेकवर ठेवलेला दगड

घरातलं काम घरीच उरकावं, ही आपल्या माणसांची चांगली सवय. महाडच्या श्रीपतनेही त्या सकाळी जीपच्या ब्रेकचं काम घरीच उरकलं, आणि दुपारी त्याचा जीव टांगणीला लागला.

१९७९ सालची गोष्ट. दुसऱ्या दिवशी वीस मार्च, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. पाचाडच्या बौद्धवाडीतली बारा-तेरा माणसं, त्यात दोन तान्ही मुलं, चवदार तळ्यावर आणायचं श्रीपतने कबूल केलं होतं. पाचाडहून खाली यायचं म्हणजे उतार आणि वळणं. मुंबईच्या गॅरेजात दोन वर्षं काढलेल्या माणसाला मिस्त्री कशाला हवा? त्याने चारही चाकांना नवे लायनर घातले, नवं ब्रेक ऑइल भरलं, बोनेटला हार घातला आणि आईला, गीताबाईला, शेजारी बसवून नाते गावाकडे चक्कर मारायला निघाला.

नाते गावाच्या अलीकडे उतारावर बैलगाडी आडवी आली. श्रीपतने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला! पुन्हा दाबला, तेच. हँडब्रेक ओढून, गियर पाडून, कडेच्या दरडीला घासत त्याने जीप कशीबशी थांबवली. बैलापासून हातभर अंतर राहिलं होतं. गाडीवान जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं काही चुकलं नव्हतं.

श्रीपतने चारही चाकं तपासली. तेल कुठेच गळत नव्हतं. म्हणजे तेलाच्या नळीत हवा राहिली होती; पेडल दाबलं की ती हवाच दबत होती, ब्रेक लागत नव्हता. तीन-चारदा पेडल मारलं की ब्रेक लागतो, उद्या सांभाळून नेईन, असं तो आईला समजावू लागला. पण त्या तान्ह्या मुलांची आठवण झाली आणि हे बोलणं त्याचं त्यालाच पटेना.

गीताबाईने सरळ विचारलं, की ही हवा आधीच का काढली नाहीस. त्याने सांगितलं, की काढली होती, पण त्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी नट सैल करून हवा सोडायची, आणि नट आवळेपर्यंत पहिल्याने पाय उचलायचा नाही. असं पुन्हा पुन्हा.

"मग पेडलावर कोण होता?"

"दगड ठेवला होता. चांगू पोलादपूरला गेलाय ना." चांगू म्हणजे त्याचा चुलतभाऊ.

"आन् ललिता?"

श्रीपतची बायको ललिता सकाळी आपणहून पुढे आली होती. पण तिच्या पाळीचा दुसरा दिवस होता. गाडीत बाबासाहेबांची तसबीर, बोनेटला हार, आज तू गाडीला शिवायचं नाही, असं म्हणून त्याने तिला दारातच थांबवलं होतं. हे आईला सांगताना तो चाचरला.

गीताबाई म्हणाली, "सत्तावीस साली माझा बाप त्या तळ्याचं पाणी प्याला. पाणी बाटलं म्हणून लोकांनी त्याचं डोकं फोडलं रे. त्याच तळ्यावर तू उद्या माणसं नेणार, आन् घरातल्या बाईच्या हातानं तुझी गाडी बाटते? दगड चालला तुला. ती नाय चालली."

श्रीपतने जीप वळवली. पहिल्या गियरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, तो घरी आला.

"ललिता, चुकलो मी," तो दारातूनच म्हणाला. "जरा पेडलावर बसतेस?"

ललिताने सासूकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि ती स्टेअरिंगमागे बसली. तो चाकाखालून सांगत होता, ती दाबत होती, धरत होती, सोडत होती. तिसऱ्या चाकाला तो नट आवळून उठू लागला तेव्हा तिने त्याला थांबवलं. पायाखाली अजून पोकळ लागतंय म्हणाली. खरंच, पुन्हा नट सोडल्यावर तेलातून बुडबुडे आले. दगडाने हे कधीच सांगितलं नसतं.

संध्याकाळी ललिताला शेजारी बसवून तो पुन्हा त्याच उतारावर गेला. ब्रेक पहिल्याच दाबाला लागला आणि जीप जागेवर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पाचाडची माणसं सुखरूप तळ्यावर उतरली, आणि पुढच्या सीटवरून ललिताही उतरली.

वाचकहो, विटाळ गावातून हाकलायला आपल्या वाडवडिलांनी मार खाल्ला. तो घराच्या दारात उभा असेल तर आपणच त्याला बाहेर काढला पाहिजे. श्रीपतला हे ब्रेक फसल्यावर कळलं. पण ब्रेक नीट लागला असता, तरी ललिताला दारात थांबवणं चूकच होतं.