दोन दिवसांची तालीम

वकीलबाईंनी मला माझ्याच घरातून दोन दिवसांसाठी हाकललं, तेही फी घेऊन.

"तुमच्यामागे बहिणीचं पालकत्व पुतणीकडे द्यायचंय ना? मग आधी तालीम करा," त्या म्हणाल्या. "पुतणी घरी राहील, तुम्ही बाहेर. आपणहून फोन करायचा नाही. जमलं तर सही करू. नाहीतर एखाद्या संस्थेत जागा बघू."

संस्था हा शब्दच मला सहन होत नाही. धाकटी पंचावन्नची झाली, पण एकटीनं रस्ता ओलांडणं, अनोळखी माणसाशी बोलणं तिला जमत नाही. आई गेल्यापासून तीस वर्षं आम्ही दोघंच, एका खोलीत दोन खाटा. लग्नाचं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "एक संसार पुरे आहे."

पुतणीसाठी मी वहीत बावीस सूचना लिहिल्या. दूध कोमट द्यावे. केस विंचरण्याआधी सांगावे. अठरावी लाल शाईत: रात्री दिवा बंद करू नये, ती घाबरते. जन्मभर मी लोकांच्या विजेचे मीटर वाचले आणि माझ्याच घरात रात्रभर दिवा जळतो. शेजारी हसतात. हसू देत.

दोन गल्ल्या पलीकडच्या लॉजमध्ये खोली घेतली. मॅनेजरनं विचारलं, "कुठून आलात?" मी म्हणालो, "घरून." फोन उशाशी ठेवून आडवा झालो. ती रडेल, ताट भिरकावेल, फोन येईल, मी चपला अडकवून धावत सुटेन. खोटं कशाला बोलू, फोन यावा असंच मला वाटत होतं. तो आला नाही. दिवा मी चालूच ठेवला. तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशीही फोन आला नाही. बिघडला असेल म्हणून मॅनेजरला माझ्या नंबरवर रिंग द्यायला लावली. फोन ठणठणीत होता.

तिसऱ्या सकाळी घरी गेलो. धाकटी मटार सोलत होती. "दादा आला," म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

"त्रास दिला का गं हिनं?" मी पुतणीला विचारलं.

"छे! फक्त काका, ती अठरावी सूचना... दिवा आत्यानं स्वतःच उठून बंद केला. मी म्हटलं, अगं, तुला लागतो ना? तर म्हणाली, 'मला नाही. दादाला लागतो. दादा घाबरतो. आज दादा नाही.'"

आई गेली त्या रात्री दिवा कुणी चालू ठेवला होता, ते आधी आठवेना. मग आठवलं. मीच.

दुपारी वकीलबाईंकडे सह्या झाल्या. धाकटीची काळजी मिटली. डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि मला एकदम पोरकं वाटलं. मग बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला.

"हा तुमचा. उद्या तुम्हीच अंथरुणाला खिळलात, वाचा गेली, तर तुमचे निर्णय कोण घेणार?"

पुतणीनं घड्याळाकडे पाहिलं. एक भार तिनं घेतला होता, दुसरा कुठल्या तोंडानं द्यायचा? नावाची जागा मी रिकामी सोडली.

खाली 'विशेष सूचना' असा रकाना होता. तिथे लिहिलं: रात्री दिवा बंद करू नये. घाबरतो.