वेझगूजचं ताट

कौमुदीने ओला स्पंज खिडकीच्या चौकटीवर दाबला आणि वर्षभर उन्हात पिवळा पडलेला कागद एका झटक्यात ओढला. टर्रर्र! पट्टा अखंड निघाला.

"बघ! याला म्हणतात हात!"

"हात राहू दे. तोंडाचं काय करणारेस ते सांग," नेत्रा म्हणाली. जपानमधल्या इचिकावाच्या शाळेत दोघी एकाच वर्गात होत्या, त्यामुळे एकमेकींना टोचायचा हक्क दोघींनाही होता. "हातानो-सान तुझी गोष्ट जुळवायला बसलेत बघ. तू ट्रेनमध्ये रचलेली थाप."

छापखान्याचे मालक हातानो-सान पाठमोरे बसले होते. फुनाबोरीच्या या छापखान्यात अजून शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक उचलून मजकूर जुळवतात. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मात्र खिडक्यांना नवा कागद लावायचा, जुन्या कामगारांना बोलावून जेवायचं, आणि सोमवारपासून संध्याकाळी दिवे लावून काम सुरू करायचं, असा रिवाज. या जेवणाला म्हणायचं 'वेझगूज'. हातानो-सानच्या आजोबांनी हा शब्द योकोहामातल्या एका इंग्रज मुद्रकाकडून रिवाजासकट उचलला होता. अर्थ विचारायचा राहून गेला.

चाळीस वर्षांपूर्वी याच दिवशी हातानो-सानचे थोरले भाऊ इसामु बिअर आणायला म्हणून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. तेव्हापासून त्यांचं ताट दर वर्षी मांडलं जातं. पाहुणे त्या ताटाकडे बघायचं टाळतात.

"तू इंग्रजी वाचतेस," दोघी सुटीत इथे मदतीला येऊ लागल्या तेव्हा, गेल्या महिन्यात, हातानो-सान कौमुदीला म्हणाले होते. "हा शब्द मुळात आला कुठून, तेवढं शोधशील?"

तिने शोधलं. खूप शोधलं. मूळ कुणालाच ठाऊक नव्हतं. 'गूज' म्हणजे हंस, म्हणून कुणीतरी कोशात एक हंस घुसवून ठेवला होता, तोही अंदाजानेच. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला 'काही नाही' म्हणून कसं सांगायचं? मग ट्रेनमध्ये मोतोयावातापासून फुनाबोरीपर्यंत तिने एक गोष्ट रचली. टोबायस वेझगूज नावाचा, खिळे जुळवणारा एक जुळारी होता. मेजवानीच्या दिवशी सतरा खिडक्यांना कागद लावून तो हात धुवायला बाहेर गेला आणि परतला नाही. सोबत्यांनी त्याचं ताट मांडून ठेवलं. पुढच्या वर्षीही मांडलं. म्हणून त्या जेवणाला त्याचं नाव.

हातानो-सान गुडघ्यांवर तळवे ठेवून ऐकत राहिले होते. मग त्यांनी मान झुकवली, खूप वेळ. कौमुदी दोन दिवस हवेत होती. आणि आज तीच गोष्ट ते पाहुण्यांच्या कार्डांवर छापणार होते.

"चांगुलपणा करायला गेलीस, ते ठीक," नेत्रा हळूच म्हणाली. "पण छापलं की खरं होतं गं."

कौमुदीने स्पंज खाली ठेवला.

"हातानो-सान, एक सांगायचंय."

"आधी ती कोपऱ्यातली खिडकी," मान वर न करता ते म्हणाले. "तिथे आम्ही नेहमी कागदावर कागद चिकटवत आलो. आजोबांपासूनचे थर आहेत. आज खालपर्यंत काढ."

दोघी कोपऱ्यात गेल्या. एक थर, दोन, तीन. चौथ्यापासून कागद जाड लागला. सहाव्याखाली छापलेलं काहीतरी होतं. रद्दीतला तावच चिकटवला असावा. नेत्राने मान वाकडी करून उजवीकडच्या, सुरुवातीच्या काही उभ्या ओळी वाचल्या आणि तिचं हसू थांबलं.

"कौमु. हे वाच."

टोबायस वेझगूज. सतरा खिडक्या. हात धुवायला बाहेर.

"तू आधी इथेच वाचलं असशील," नेत्रा म्हणाली.

"सहा थरांखाली?"

तो ओला ताव दोन्ही तळव्यांवर धरून कौमुदी हातानो-सानपुढे उभी राहिली. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"हे मी रचलं होतं. ट्रेनमध्ये. शब्दाचं मूळ कुणालाच माहीत नाही, हातानो-सान. मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि हे... हे काय आहे, मला खरंच कळत नाहीये."

ते रागावले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ही अक्षरं ज्या खिळ्यांची, ते खिळे युद्धात वितळवायला नेले," ते म्हणाले. "माझ्या जन्माआधी."

डाव्या कडेला खळीचा एक पापुद्रा होता. त्यांनी तो बोट ओलं करून पुसला. खालून शेवटची ओळ निघाली. ती त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांनी ताव तिच्याकडे वळवला.

'खिडक्या साफ करणाऱ्या परदेशी मुलीने सांगितले. पुढचा भाग तिला विचारावा.'

हातानो-सान खुर्चीवरून उतरून जमिनीवर गुडघे टेकून बसले. पाहुण्यांसमोर बसतात तसे. सकाळपासून ते तिला 'ए मुली' म्हणत होते.

"आपण सांगाल का?" ते म्हणाले. "तो परतला का?"

वर्गात हल्ली प्रश्न संपायच्या आत कौमुदीचा हात वर जायचा. आता तिने ती शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"काही बोलू नकोस," नेत्रा मराठीत कुजबुजली. "प्लीज. चल घरी."

हातानो-सानच्या हातातली, खिळे ओळीत बसवायची जुळणीपट्टी अर्धी भरलेली होती. उरलेली अर्धी रिकामी. त्यांनी ती गुडघ्यावर टेकवली, आणि खिळे एकमेकांवर बारीक वाजले.

"परतला," कौमुदी म्हणाली.

त्यांनी तिथेच बसून खिळे उचलले. एक. एक. एक. तेवढ्या जागेत तो शब्द बरोबर बसला.

"जेवला?"

"जेवला. मग अजून भात मागितला."

हातानो-सान हसले. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली, जुळणीपट्टी अलगद खाली ठेवली, आणि भात पुरेल का ते पाहायला आत गेले. तांदूळ धुतल्याचा आवाज येऊ लागला.

इसामु बाहेर पडले होते तेच रस्त्याकडचं दार लावून घ्यायला नेत्राने हात पुढे केला. कौमुदीने तिचं मनगट धरलं, आणि धरूनच ठेवलं.