देऊन टाकलेला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं. तिथे नवी यंत्रं आली, तेव्हा सुधीर म्हात्रे या शास्त्रज्ञाने मला भंगारात जाऊ दिलं नाही. कोपरच्या आपल्या घरी आणलं.

सुधीरचे वडील दौलत मिठागरात राबायचे. दिवस कलला की त्यांना पायाखालचा बांध दिसत नसे. मुलगा मात्र शिकला. आनुवंशिकता हाच त्याचा विषय. फळमाश्यांच्या डोळ्यांचे रंग पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात, ते तो माझ्यातून पाही. मला त्याचा फार अभिमान वाटे.

शेजारी विचारायचे, "सर, डॉक्टर व्हायची हुशारी आमच्या मयूरच्या रक्तातच आहे ना हो?"

सुधीर हसायचा. "डोळ्यांचा रंग रक्तातून येतो. डॉक्टर व्हायची हाव तुमच्या जेवतानाच्या गप्पांतून येते. पोराला जरा खेळू द्या."

चाळिशीत सुधीरच्या खांद्याला दाराची चौकट लागू लागली. बाजूचं दिसेना. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांचाच आजार आहे, नजर कडेकडून हळूहळू आकसत जाणार, औषध नाही. मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी. हे गणित त्याने आयुष्यभर शिकवलं होतं.

त्याची मुलगी जागृती तेव्हा आठवीत होती. तिला शास्त्रज्ञच व्हायचं होतं. कांद्याचा पापुद्रा माझ्याखाली ठेवून ती तासन्‌तास बसे. एकदा पालकसभेत बाईंनी तक्रार केली, "वेंधळी आहे हो. पायऱ्यांवर पडते, खो-खोत बाजूने आलेली मुलगी तिला दिसत नाही. लक्षच नसतं."

सुधीर घरी येऊन माझ्यावर हात ठेवून बसला.

"सांग तिला," त्याची बायको संचिता म्हणाली. "मुलं हसतात तिला शाळेत."

"सांगितलं की तिचं लहानपण संपेल गं."

"ते आत्ता तरी कुठे उरलंय?"

तिच्या डोळ्यांची तपासणी झाली. आजार तिच्यातही उतरला होता. एका रविवारी दुपारी त्याने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी शास्त्रज्ञ नाही होणार?"

"होशील की," तो म्हणाला.

"बाबा, खोटं बोलताना तू चष्मा पुसतोस."

त्यानंतर ती रोज माझ्यावर ओणवी व्हायची. समोरचं तिला अजून स्वच्छ दिसत होतं. तरी मला तिची घाई कळायची. एक पेशी पाहून होते न होते तोच ती काच बदले. मग एक दिवस म्हणाली, "हा देऊन टाक, बाबा. मला आता बघवत नाही." जगाला समजावणाऱ्या त्या माणसाला लेकीला समजावता आलं नाही. त्याने मला तिच्याच शाळेला देऊन टाकलं.

'मुलं मोडतील' म्हणून शाळेने मला कपाटात ठेवून कुलूप घातलं. जागृती भिंतीला हात लावत कपाटासमोरून जाते, थांबत नाही. सुधीर आता घराबाहेर एकटा पडत नाही, असं शिपाई सांगत होता.

मित्रांनो, वर्गात कुणी अडखळलं तर त्याला वेंधळं म्हणू नका, हात द्या. आणि कुणीतरी हे कपाट उघडायला सांगा. माझ्या भिंगावर बुरशी धरली आहे. ती पुसता येते. जे पुसता येतं, ते तरी वेळेवर पुसा.