सावुत उस्तादांचं मुकं जेवण

हाशिमच्या मुलाच्या लग्नात सावुत उस्तादांनी पोलो भाताचा पहिला घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि पन्नासेक माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या भातातलं गाजर मेंढीच्या आधी मेलेलं आहे. लोक हसले. आचारी मागच्या दाराने घरी निघून गेला. हाशिमने पुढच्या मश्रपीत उस्तादांवर रीतसर तक्रार केली.

घुल्जा शहरातल्या त्यांच्या मोहल्ल्यात तीस मित्रांची ही मश्रप मिसरूड फुटल्यापासून चालत आली होती. दर पंधरवड्याला एकेकाच्या घरी जमायचं, चहा प्यायचा, गाणी म्हणायची आणि मग न्यायनिवाडा करायचा. कुणी दिलेला शब्द मोडला, कुणी बायकोवर हात उगारला, असली प्रकरणं तिथे निघत. न्यायाचं काम झुनूनकडे होतं. एरवी तो जोडे शिवायचा, पण मश्रपीत त्याला काजीबेग म्हणत. त्याचं म्हणणं असं, की शिक्षा अंगाला लागू नये, मनाला लागावी.

उस्तादांच्या प्रकरणात साक्षीदार लागले नाहीत. तीस वर्षं त्यांनी शहरातल्या निम्म्या लग्नांचा स्वयंपाक केला होता, आणि गुडघे गेल्यावर कढईपासून दूर होऊन उरलेल्या निम्म्या लग्नांना नावं ठेवायला सुरुवात केली होती.

झुनूनने शिक्षा सांगितली. येत्या मंगळवारी दुपारी उस्तादांनी हेलिलच्या खाणावळीत जाऊन पोटभर जेवायचं आणि जेवणाबद्दल बरावाईट चकार शब्द काढायचा नाही. मान हलवायची नाही, भुवई उडवायची नाही, उसासा टाकायचा नाही. झुनून समोर बसून बघणार. चुकले, तर वर्षभर प्रत्येक मश्रपीनंतरची भांडी त्यांनी घासायची. हेलिलला यातलं काही कळता कामा नये. तीस जणांना ठाऊक असूनही हे गुपित टिकलं, कारण तिसांनाही मजा हवी होती.

हेलिल हा उस्तादांचा जुना शिष्य. अकरा वर्षं हाताखाली राबला आणि मग त्याने स्वतःची खाणावळ काढली. तिला चार वर्षं झाली तरी उस्ताद तिची पायरी चढले नव्हते. आधी एक ना एक लग्नाचं काम आडवं यायचं. पुढे दर ईदेला बोलावणं आलं, की उस्ताद गुडघ्यांचं कारण सांगत. खाणावळ त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर होती.

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला तो जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन उतरला. आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर. मांस, कांदा, जर्दाळू, सगळं तोंडात ओल्या पुठ्ठ्यासारखं. आचाऱ्याने हे कुणाला सांगायचं म्हणजे बांग देणाऱ्याने आपला आवाज बसल्याचं मशिदीत जाहीर करण्यासारखं. म्हणून ते नावं ठेवू लागले. नावं ठेवणाऱ्याच्या जिभेवर कुणी शंका घेत नाही. भाताचा रंग आणि चरबीचा तवंग बघून निम्मे दोष कळायचे, उरलेले ते ठोकून द्यायचे. पण हेलिलपुढे हे चाललं नसतं. अकरा वर्षं त्याने उस्तादांचा चेहरा वाचूनच मीठ घातलं होतं.

तेव्हा शिक्षा ऐकून उस्तादांनी मान खाली घातली, ती शरमेने घातली असं सगळ्यांना वाटलं. वास्तविक इतकी सोयीची शिक्षा त्यांना आयुष्यात कुणी दिली नव्हती.

मंगळवारी दोघे खाणावळीत शिरले तेव्हा हेलिल दारात कावाप भाजत होता. उस्तादांना बघून त्याने हातातला पंखा निखाऱ्यांवरच टाकला. पंख्याने पेट घेतला. तो विझवून, हात धुऊन, हेलिलने त्यांना आतल्या बैठकीवर मानाच्या जागी बसवलं आणि चहा ओतला. पियाला भरून सांडला तरी तो ओतत राहिला.

आधी कावाप आले. उस्तादांनी एक सळई संपवली. हेलिल शेजारी उभाच होता. त्याने विचारलं, "उस्ताद, मीठ?"

उस्ताद खिडकीबाहेरच्या उंच झाडांकडे बघत राहिले. झुनून म्हणाला, की यंदा हवा कोरडी आहे.

हेलिल आत गेला आणि कमी मिठाचे कावाप घेऊन आला. मग जास्त तिखटाचे. उस्तादांनी दोन्ही खाल्ले. मग सामसे आले, ते फोडून हेलिलने स्वतःच एक खाऊन पाहिला आणि उरलेले परत नेले. शेजारच्या बैठकीवरच्या गिऱ्हाइकांनी ते आपल्याकडे मागितले, तर त्यांना मिळाले नाहीत. शेवटी हेलिलने आपल्या आचाऱ्याला बाहेर काढलं आणि लगमनच्या शेवया ओढायला स्वतः उभा राहिला.

पडद्याआडून ओट्यावर कणीक आपटल्याचा आवाज येऊ लागला. कान शाबूत होते. कणीक पुरती तिंबलेली आहे, पुरती मुरलेली आहे, हे उस्तादांना आवाजावरून समजलं.

लगमन समोर आलं. मांस, मिरच्या, टोमॅटो यांचा रस्सा वर ओतलेला. पहिल्या घासाला रस्सा नेहमीसारखा पुठ्ठाच निघाला. पण शेवई दाताखाली आली, जराशी अडली आणि मग सुटली. उस्ताद थांबले. दुसरा घास घेतला. ती शेवईही अडली, सुटली. दोन वर्षांत कुठल्याच अन्नाने त्यांच्याशी इतकं बोलणं केलं नव्हतं. जेवणाबद्दल काहीतरी खरं सांगावं असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं, आणि नेमकं आजच तोंडाला कुलूप होतं.

वाडगा रिकामा करून त्यांनी पुढे धरला. शेवया आणखी हव्या तर त्या वरून मिळतात, सगळेच घेतात. पण उस्तादांनी परक्या चुलीवरचं दुसऱ्यांदा मागितल्याचं झुनूनला तरी आठवत नव्हतं. हेलिलने शेवया घातल्या, रस्सा ओतू लागला, तर उस्तादांनी हाताने डाव बाजूला केला. त्यांना नुसती शेवई हवी होती.

हेलिलने तो बाजूला केलेला डाव पाहिला आणि तो बैठकीच्या कडेला बसला.

"मान्य आहे," तो म्हणाला. "टोमॅटो डब्यातले आहेत. मेंढी कालची आहे. लसूण बायकोने सोललाय, तो मी नीट बघितला नाही. आता तरी बोला."

उस्ताद बोलले नाहीत. झुनून छताकडे बघत होता.

"अकरा वर्षं तुमच्या शिव्या खाल्ल्या उस्ताद. एकही इतकी लागली नव्हती." हेलिलने कमरेचं फडकं सोडलं, घडी केली आणि उस्तादांसमोर ठेवलं. उद्यापासून आपण सासऱ्याच्या बागेत सफरचंदं उतरवायला जाऊ, असं त्याने कुणालाच उद्देशून नसल्यासारखं सांगितलं.

उस्तादांनी वर्षभराच्या भांड्यांचा हिशेब मनात केला. मग जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"हेलिल, मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली."

हेलिल म्हणाला, "गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तुम्ही म्हणालात म्हणे, जिरं जास्त झालंय."

"दिसत होतं."

"मग मीठ कमी आहे म्हणालात, ते?"

"ते ठोकून दिलं."

"कमीच होतं," हेलिल म्हणाला.

दोघांनी झुनूनकडे पाहिलं. उस्तादांना निवाडा हवा होता; हेलिलने का पाहिलं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. झुनूनने मग शिक्षेची सगळी हकीकत सांगितली, चहाचा घोट घेतला आणि निवाडा दिला, की मनाई जेवणाबद्दल बोलायला होती, जिभेबद्दल नव्हती. जेवण मात्र अजून संपलेलं नाही.

म्हणजे शेवईबद्दल अजूनही बोलता येत नव्हतं. उस्तादांनी वाडग्यातली शेवटची शेवई तोंडात घातली, हेलिलचा हात धरला आणि त्याचा तळवा आपल्या जबड्यावर टेकवला. मग सावकाश चावू लागले. हेलिलला जबडा अडल्याचं कळलं, सुटल्याचं कळलं. त्याने दुसऱ्या हाताने फडकं उचलून डोळे पुसले. झुनून आपले जोडे शोधायला वाकला होता, आणि ते मिळायला त्याला फार वेळ लागला.

मग तिघांनी हात उचलून दुवा केली आणि जेवण संपलं.

संध्याकाळी उस्तादांनी घरी बायकोला, रिझवानलाही सांगून टाकलं. ती नान कापडात गुंडाळत होती. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, पहिल्याच महिन्यात मी आपल्या खाऱ्या चहात मीठ घालायला विसरले होते आणि तुम्ही दोन पियाले प्यालात.

"मग बोलली का नाहीस?"

"घरात तुम्ही निमूट जेवायला लागला होतात. म्हटलं, असू दे."

आता दर मंगळवारी उस्ताद हेलिलच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसतात आणि कणीक चिमटून बघतात. मिठाचं हेलिलने विचारलं, तर त्याने वाचू नये म्हणून ते चेहरा भिंतीकडे करतात. उस्ताद शेजारी असताना आपल्याच अंदाजाने मीठ घालायची हेलिलला सवय नव्हती; पहिला महिनाभर खाणावळीत कधी अळणी तर कधी खारट झालं, गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. मग हेलिलचा हात बसला.