सित्स्के नावाचा बटाटा

विब्रेनचा बायकोपेक्षा बटाट्यांवर जास्त जीव, असं अख्खं गाव म्हणायचं. सित्स्के, त्याची बायको, स्वतःही तेच म्हणायची आणि हसायची. फ्रीसलंडच्या त्या कोपऱ्यात बटाट्याची नवी वाणं काढणारे असे हौशी पुष्कळ. फुलाला फूल लावायचं, बोंडातलं बी पेरायचं, उगवेल त्यातलं बहुतेक फेकून द्यायचं आणि उरलेल्यावर पोटच्या पोरासारखी माया करायची. वेडच ते, दुसरं काय! चव बघायचं काम मात्र सित्स्केचं. दर शरदात ती नवे बटाटे उकडायची, एक घास खायची आणि निकाल द्यायची, "टाक." एकदाच म्हणाली, "हा ठेव." त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हाच विब्रेनने ठरवलं, हे वाण नोंदवायचं ते तिच्या नावाने.

या उन्हाळ्यात शेवटची तपासणी होती. पीक निरोगी निघालं की नाव लागणार. नेमकं तेव्हाच विब्रेनचं खुब्याचं हाड मोडलं आणि तो इस्पितळात जाऊन पडला. राखणीला मोठी बहीण ग्रीत आली. जन्म शहरात गेलेला, पण भावासाठी जीव टाकणारी बाई. पावसाचा थेंब नाही, रोपांनी माना टाकलेल्या. तिला बघवेना. तिने गोठ्यातला पंप ओढत नेला आणि बांधापलीकडच्या कालव्याचं पाणी रोज संध्याकाळी रोपांना दिलं.

विब्रेन घरी आला तो कुबड्या टेकत थेट शेतात गेला. शेजाऱ्यांची रोपं करपलेली, त्याची हिरवीगार. तो ग्रीतकडे वळला.

"पाणी कुठलं दिलंस?"

"कुठलं म्हणजे? समोर एवढा कालवा भरलाय, तो काय बघत बसायचं होतं?"

कालव्यात बटाटा कुजवणारा रोग असतो, म्हणून बियाण्याच्या बटाट्याला ते पाणी द्यायला सक्त बंदी. दिलं तर दंड, आणि पीक नष्ट. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हणूनच ग्रीतला कोणी सांगितलं नव्हतं. विब्रेनच्याही मनात आलं नव्हतं.

त्याने सांगितलं तेव्हा ग्रीतचा चेहरा पडला. "मला कोणी बघितलं नाहीये रे," ती हळूच म्हणाली. "गप्प राहू या."

रोग लागलाच असेल असं नव्हतं. पण लागला असला तर? उद्या याच कंदांचं बियाणं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतात जाणार, तेही सित्स्केचं नाव घेऊन. विब्रेन दोन दिवस धड जेवला नाही. मग त्याने स्वतःच तपासनिसाला फोन लावला.

तपासनीस डाउवे गावातलाच, लहानपणी सित्स्केच्या हातचं खाल्लेला. तो मान खाली घालूनच आला.

"पंप मी लावला," ग्रीत पुढे झाली. "दंड मला कर."

"दंड शेत ज्याचं त्याला होतो, मावशी."

"तपासून तर बघ. रोग नसेलही."

"नाही सापडला तरी पाणी दिलंय ना? ठेवता येत नाही." तो विब्रेनकडे वळला. "तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं."

"ठाऊक आहे. तू कामाला लाग."

दुपारपर्यंत त्या वाणाचं होतं नव्हतं ते सगळं उपटून गाडीत भरलं गेलं. विब्रेनने खिडकीतूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "एक पातेलंभर खाल्ले तर चालतील?"

डाउवेने गाडीतून पातेलंभर बटाटे काढून ग्रीतच्या हाती दिले. "माणसाला त्याने काही होत नाही," तो म्हणाला. "माझ्यासमोर शिजवा. सालं जाळा, आणि पाणी उकळल्याशिवाय ओतू नका."

ग्रीतने बटाटे उकडले, लोणी-मीठ घातलं. तिला स्वतःला घास गिळवेना. "कसा लागतो?" तिने विचारलं.

विब्रेनने सावकाश चावून गिळला.

"हा ठेव," तो म्हणाला आणि सालांची ताटली उचलून एका कुबडीवर शेगडीकडे गेला.